पेटीतला पांढरा खडू

दोस्तांनो, एक काम करा. तुमची खडूंची पेटी उघडा आणि तिच्यात सगळ्यांत लांब राहिलेला खडू कोणता ते बघा. पैजेवर सांगते, पांढरा! लाल झिजून नखाएवढा होतो, हिरव्याचे दोन तुकडे होतात, काळा तर बहुतेक हरवलेलाच असतो. पांढरा मात्र दुकानातून आणला तस्सा. पांढऱ्या कागदावर तो उमटतच नाही, मग त्याचा उपयोग तरी काय?

हा प्रश्न मला माझ्या भाचीनं विचारला होता. त्याचं उत्तर आम्हां दोघींना सापडलं ते पार जपानात, डोंगरांनी वेढलेल्या नागानो नावाच्या प्रांतात, आणि तेही भर पावसात. तीच गोष्ट आज सांगणार आहे. वाचून झाल्यावर तुम्हांला वाटीभर पाणी, एक ब्रश, थोडे जलरंग आणि तो बिचारा पांढरा खडू लागेल, तेव्हा सामान जवळच ठेवा.

मी साताऱ्याला एका शाळेत चित्रकला शिकवते. माझी धाकटी बहीण टोकियोत राहते, निशि-कासाई नावाच्या भागात. तिथं आपल्या लोकांची इतकी वस्ती आहे, की तुरीची डाळ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि लिफ्टमध्ये कुणीतरी मराठीत बोलताना ऐकू येतं. २०२४ च्या जून महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. भाची चौथीतली. मराठी छान बोलते, मध्येच एखादा जपानी शब्द टाकते, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. पण चित्राचा कागद पुढे केला, की गप्प.

‘‘मावशी, मला चित्र येत नाही.’’

असं कसं? लहान असताना तर घरभर रेघोट्या मारायची! हळूहळू कळलं. जपानला यायच्या आधी ती एका चित्रकलेच्या क्लासला जायची. तिथं तिनं झाडाचं खोड जांभळं रंगवलं होतं. त्यावर मोठी फुली मारून कागद परत मिळाला. तेव्हापासून बाईसाहेब एकच चित्र काढतात. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळाचं झाड, समोरून वाहणारी नदी. हसू नका, तुमच्याही वहीत आहे ते! माझ्या शाळेत दरवर्षी असे शंभर सूर्य उगवतात. त्या चित्रात वाईट काहीच नाही. पण ते काढणाऱ्यानं तो डोंगर कधी पाहिलेला नसतो. ते चुकायची भीती नसते, म्हणूनच काढलं जातं.

तिच्या कपाटात मला एक ओळखीचं पुस्तक दिसलं. ‘तोत्तोचान’. नॅशनल बुक ट्रस्टनं काढलेला, चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तो वाचला असेल. त्यात तोत्तोचान पहिल्या शाळेत झेंड्याचं चित्र काढते, आठवतं? झेंड्याला झालर हवी म्हणून पिवळा खडू कागदावर फिरवते आणि झालर कागद ओलांडून थेट डेस्कवर जाते. शाळेच्या बाई वैतागतात. भाचीला हा प्रसंग पाठ होता. पण पुस्तकात तिला सगळ्यांत आवडायची ती चित्रं. पुसट, ओलसर रंगांतली, मोठ्या डोळ्यांची मुलं.

‘‘ही चित्रं कुणी काढली, माहीत आहे?’’ मी विचारलं. तिनं मान हलवली.

‘‘मग चल, त्या बाईंच्या गावाला जाऊ.’’

टोकियोच्या शिंजुकू स्टेशनवरून ‘अझुसा’ नावाची गाडी सुटते. अडीच-पावणेतीन तासांत ती मात्सुमोतोला पोचवते. तिथून ओइतो लाइनची छोटी गाडी घ्यायची. डाव्या हाताला जपानचे उत्तर आल्प्स पर्वत, खाली भाताची खाचरं. जून म्हणजे तिथलाही पावसाळा, त्याला ते ‘त्सुयु’ म्हणतात. नुकतीच लावणी झालेली, खाचरांत पाणी तुंबलेलं, त्या पाण्यात ढग उतरलेले. मला तर क्षणभर कोकणातच आल्यासारखं वाटलं. आल्प्स काही दिसेनात, सगळे ढगांत. पाऊणएक तासानं शिनानो-मात्सुकावा नावाचं इवलंसं स्टेशन आलं. तिथून आम्ही छत्र्या उघडल्या आणि चालत निघालो. अर्ध्या तासाचा रस्ता.

वाटेत एका घराच्या परसात अळू दिसलं. हो, आपलं अळूच! जपानी लोक त्याचे कंद खातात. पानांवर पावसाचे टपोरे मोती डुगडुगत होते. भाचीनं पान हलवलं, मोती घरंगळून खाली पडला, पान कोरडं ते कोरडंच. ‘अळवावरचं पाणी’ ही म्हण मी तिला तिथंच सांगितली. हे पान तुम्हीही लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आझुमिनोचं चिहिरो कला संग्रहालय १९९७ साली उघडलं. आजूबाजूला मोठी बाग, मागे डोंगर. चिहिरो इवासाकी या चित्रकर्तीच्या नावानं ते उभं आहे. तिचा जन्म १९१८ चा. मे १९४५ मध्ये टोकियोवर बाँब पडले तेव्हा तिचं घर जळून गेलं आणि ती नागानोत, आईच्या माहेरी, आसऱ्याला आली. युद्धानंतर तिचे आईवडील याच मात्सुकावा गावात नवी जमीन फोडून शेती करायला राहिले. चिहिरो पुन्हा टोकियोला गेली आणि जन्मभर मुलांची चित्रं काढत राहिली. १९७४ साली, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी, ती गेली. तिची नऊ हजारांहून जास्त चित्रं जपून ठेवलेली आहेत.

आता गंमत ऐका. ‘तोत्तोचान’ जपानीत पुस्तकरूपानं आलं १९८१ मध्ये. म्हणजे चिहिरो गेल्यावर सात वर्षांनी! ती चित्रं त्या गोष्टीसाठी काढलेली नव्हतीच. लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांनी चिहिरोच्या हजारो चित्रांतून आपली तोत्तोचान शोधून काढली. पुढे त्याच या संग्रहालयाच्या संचालिका झाल्या. संग्रहालयाच्या बागेत २०१६ पासून आगगाडीचे दोन जुने डबेही उभे आहेत, तोमोए शाळेची आठवण म्हणून. खरी तोमोए टोकियोत होती, ती १९४५ च्या बाँबफेकीत जळाली. पावसाचे थेंब डब्याच्या टपावर ताडताड वाजत होते आणि आत भाची बाकावर बसून विचारत होती, ‘‘मावशी, हा कितवीचा डबा असेल गं?’’

संग्रहालयात पुस्तकांची एक खोली आहे. तिथं जमिनीवर बसून आम्ही चिहिरोचं एक चित्रपुस्तक पाहिलं. १९६८ चं. नावाचा अर्थ साधारण ‘पावसाच्या दिवशी घरी एकटी’. आई बाहेर गेलेली, मुलगी घरात एकटी, बाहेर पाऊस. बस्स, एवढीच गोष्ट. शब्द अगदी थोडे. एका चित्रात मुलगी पडद्यात लपते, एकात खिडकीच्या काचेवर चित्र काढते. चिहिरो पाण्यानं रंग पसरू देते आणि त्या पसरलेल्या रंगात कितीतरी जागा कोरी सोडते. एरवी आपण म्हणू, अहो, इथं रंगवायचं राहिलंय! पण ती कोरी जागाच बोलत असते. भाची बराच वेळ त्या पुस्तकावरून उठली नाही.

संग्रहालयात पाहुण्यांना चिहिरोची एक पद्धत स्वतः करून बघता येते. तिचं नाव ‘निजिमि’. कागद आधी पाण्यानं ओला करायचा, मग त्यावर रंगाचा थेंब सोडायचा. थेंब फुलासारखा उमलतो, शेजारच्या रंगात मिसळतो. मला वाटलं, भाची खूश होईल. तिनं घाबरत एक निळा थेंब सोडला, एक पिवळा सोडला. दोन्ही पसरले, एकमेकांत गेले आणि मध्ये हिरवा झाला. तशी तिनं ब्रश खाली ठेवला.

‘‘रंग बाहेर गेला. खराब झालं माझं.’’

तिथल्या ताईंनी हसून नवा कागद दिला. भाचीनं तो घेतलाच नाही.

मुलांनो, खरं सांगू? त्या क्षणी मला वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली. मी स्वतः शिक्षिका आहे. मीही कधी कुणाच्या जांभळ्या खोडावर फुली मारली असेल का? आठवत नव्हती. पण फुली मारणाऱ्याला ती आठवत नसतेच, ज्याच्या कागदावर पडते त्यालाच आठवते.

संध्याकाळी आम्ही मात्सुमोतोच्या एका लहानशा हॉटेलात उतरलो. पाऊस थांबायचं नाव नव्हतं. भाची खडूंची पेटी उघडून बसली होती. रंगवत नव्हती, नुसती खडू लांबीप्रमाणे मांडत होती. मांडता मांडता म्हणाली, ‘‘मावशी, हा पांढरा कशाला देतात?’’

आणि मला युक्ती सुचली. म्हटलं, ‘‘त्या खडूनं या कागदावर बाहेरचा पाऊस काढ.’’

‘‘पण दिसणार नाही!’’

‘‘मग बरंच आहे की. मला दिसणार नाही, तुलाही दिसणार नाही. बरोबर की चूक, सांगणार कोण?’’

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. आणि खडू दाबून एक तिरकी रेघ ओढली. मग दुसरी. मग सपासप, सपासप, नुसत्या रेघा! मध्येच कायसे गोल काढले, खाली काहीतरी गिरवलं. कागद होता तसाच कोरा. ती मात्र हसत होती. जे दिसत नाही त्याला कोण फुली मारणार?

मी माझ्या प्रवासातल्या रंगपेटीतला निळा आणि किंचित काळा पाण्यात पातळ कालवला, मोठा ब्रश तिच्या हातात दिला. ‘‘आता एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. एकदाच. घासायचं नाही.’’

ब्रश फिरला. आणि निळ्याकरड्या रंगातून पाऊस बाहेर आला! पांढऱ्याशुभ्र तिरक्या रेघा, रेघांखाली दोन छत्र्या, एक मोठी, एक छोटी. छत्र्यांखाली अळूचं पान, पानावर थेंब. सगळं तिचं तिनं पाहिलेलं. डोंगर नाही, झोपडी नाही, नारळाचं झाड नाही. रंग सगळीकडे पसरला होता, पण तिच्या रेघेवर एक थेंब चढला नव्हता.

ती कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, ‘‘आणखी एक कागद आहे?’’

हे होतं कसं, ते त्या अळवाच्या पानानं आधीच सांगितलं आहे. अळूच्या पानावर मेणासारखा थर असतो, म्हणून पाणी पानाला चिकटत नाही, गोळा होऊन घरंगळतं. आपल्या खडूतही मेण असतं. मेणाचं आणि पाण्याचं पटत नाही. मेणाची रेघ कागदाच्या तंतूंवर झाकण घालते. जलरंग येतो, कोऱ्या कागदात मुरतो, मेणावर आला की आक्रसून थेंब होतो किंवा बाजूला सरतो. कापडावर मेण लावून मग ते रंगवतात ती बाटिकची कला माहीत आहे ना? तिचं मर्मही हेच. जे राखायचं ते आधी झाकायचं, मग रंग खुशाल येऊ द्यायचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगराच्या पलीकडच्या उएदा गावी गेलो. मला तिथं एका माणसाची चित्रं बघायची होती, यामामोतो कानाए त्यांचं नाव. १८८२ चा जन्म. फ्रान्समध्ये चित्रकला शिकून ते १९१६ साली रशियामार्गे मायदेशी परतले. वाटेत मॉस्कोमध्ये त्यांनी मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन पाहिलं आणि ते थक्क झाले. कारण जपानी शाळांत तेव्हा चित्र म्हणजे नक्कल. पुस्तकातलं छापील चित्र समोर ठेवायचं आणि हुबेहूब उतरवायचं. जो जास्त हुबेहूब, तो जास्त हुशार! यामामोतो म्हणू लागले, मुलांना नमुना देऊ नका. त्यांना बाहेर सोडा, त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या पद्धतीनं काढू द्या. १९१९ च्या एप्रिलमध्ये उएदाजवळच्या कांगावा प्राथमिक शाळेत त्यांनी मुलांच्या ‘मुक्त चित्रां’चं पहिलं प्रदर्शन भरवलं. हजारो चित्रं आली. तिथून ती चळवळ जपानभर पसरली.

आणि तुमच्या पेटीतल्या तेली खडूचा या माणसाशी संबंध आहे, बरं का! बाहेर बसून भराभर चित्र काढायचं तर मुलांच्या हातात सोयीचा रंग हवा. तेव्हाचे मेणखडू कडक असत, रंग एकमेकांत मिसळता येत नसत. यामामोतोंच्या सल्ल्यानं साकुरा कंपनीनं खटपट करून १९२५ साली मऊ, तेलकट, गडद उठणारा नवा खडू बाजारात आणला. क्रेयॉनमधला ‘क्रे’ आणि पेस्टलमधला ‘पास’ घेऊन त्याचं नाव ठेवलं ‘क्रेपास’. आज आपण ज्याला ऑइल पेस्टल म्हणतो, तो हाच. म्हणजे मुलांनी नक्कल करू नये, म्हणून जन्मलेला खडू! आणि आपण त्यानं काय काढतो? दोन डोंगर आणि मधून सूर्य!

उएदाच्या कला संग्रहालयात भाचीनं आपला पाऊस तिथल्या एका आजींना दाखवला. आजी लगेच म्हणाल्या, ‘‘हाजिकि-ए!’’ भाची माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘मावशी, याला इथं नाव आहे! हाजिकु म्हणजे पाण्याला झटकून टाकणं. बालवाडीतली मुलंसुद्धा करतात म्हणे.’’ आपल्याला नवा शोध लागला नाही, याचं तिला थोडं वाईट वाटलं. पण दोस्तांनो, ही युक्ती जो करतो त्याला दर वेळी नव्यानंच सापडते. हेन्री मूर हे इंग्लंडचे जगप्रसिद्ध शिल्पकार. त्यांनीच सांगून ठेवलं आहे, की आपल्या छोट्या भाचीला रमवण्यासाठी चित्र काढताना त्यांनी तिचे स्वस्तातले मेणखडू घेतले, वर जलरंग फिरवला आणि त्यांना ही गंमत कळली. पुढे १९४० मध्ये लंडनवर बाँब पडायला लागले आणि माणसं भुयारी रेल्वेच्या फलाटांवर रात्री काढू लागली. तिथं दाटीवाटीनं झोपलेल्या त्या माणसांची मूर यांनी चित्रं केली, ती याच मेण-पाण्याच्या रीतीनं. अंधाऱ्या रंगातून फिकट माणसं वर येतात. कुणाची तरी भाची आणि तिचे स्वस्तातले खडू. ऐकून माझी भाची भलतीच खूश झाली.

टोकियोला परतल्यावर रविवारी बहिणीच्या घरी शाळा भरली. इमारतीतली पाच मुलं, माझी भाची सहावी. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. आता आम्ही काय केलं ते नीट वाचा, म्हणजे तुम्हांला घरी करता येईल.

सामान अगदी थोडं. जरा जाड कागद घ्या. वहीचा पातळ कागद पाण्यानं सुरकुततो आणि फाटतो. पांढरा मेणखडू किंवा तेली खडू. नसला तर देवघरातली साधी पांढरी मेणबत्तीही चालते. जलरंगाच्या वड्या किंवा ट्यूब, एक रुंद मऊ ब्रश, पाण्याच्या दोन वाट्या आणि एक जुनं फडकं.

पहिलं काम, एखादं चित्रपुस्तक घ्यायचं आणि एकच पान निवडायचं. कुठलंही चालेल, घरात असेल ते. आम्ही चिहिरोचं पावसाचं पुस्तक घेतलं होतं. त्या पानाकडे पाच मिनिटं बघायचं आणि प्रश्न विचारायचे. कोरं काय सोडलंय? पाऊस रेघांचा आहे की थेंबांचा? मुलगी खूश आहे की घाबरलेली, आणि ते कशावरून कळतं?

दुसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं. पुस्तक मिटायचं! मिटून कपाटात ठेवायचं. आता त्यातलं चित्र काढायचं नाही. स्वतःचा पाऊस आठवायचा. तुमच्या पावसात काय होतं? गळणारं छप्पर? भिजलेलं दप्तर? दारात अंग झटकणारं कुत्रं? एका मुलानं विमानाच्या खिडकीतून दिसलेला पाऊस काढला, एका मुलीनं तिच्या आजीची नाशिकची पागोळी. पुस्तक आपल्याला बघायला शिकवतं, काढायचं मात्र आपलं आपण.

तिसरं, पांढऱ्या खडूनं दाबून काढा. हलकी रेघ राहिली तर तिच्यावर मेण कमी बसतं आणि रंग आत शिरतो. कुठं काढलं ते बघायचं असेल तर कागद उजेडाकडे तिरपा धरा, मेण चकाकतं. हवं तर दोनतीन रंगीत खडूही वापरा, पिवळी छत्री, लाल बूट. त्यांच्यातही मेण असतं, तेही पाण्याला दाद देत नाहीत.

चौथं, रंग पातळ कालवा. चहा गाळल्यावर दिसतो तितका पातळ, पण गडद. ब्रश भरून घ्या आणि एका कडेपासून दुसरीकडे न्या. त्याच जागी परत परत घासू नका. मेणावर थेंब साठले तर फडक्याच्या टोकानं अलगद टिपा. वाटलं तर ओल्या रंगात दुसरा रंग सोडा, तीच चिहिरोची निजिमि. मग कागद सपाट ठेवून वाळू द्या.

चुका आमच्याही झाल्या. एकानं पोस्टर कलर घट्टच फासला, त्यानं मेणसुद्धा झाकलं गेलं आणि चित्र गडप! दुसऱ्यानं आधी रंग लावला आणि ओल्या कागदावर खडू चालवायला गेला. खडू घसरत राहिला. क्रम उलटा चालत नाही. आधी मेण, मग पाणी. तिसऱ्या मुलीचा खडू मध्येच हलका पडला होता, तिच्या पावसाच्या रेघा अर्ध्यावर तुटल्या. ती हिरमुसली. माझी भाची तिच्याजवळ सरकून म्हणाली, ‘‘अगं, तिथं पाऊस थांबलाय.’’ मी दुसरीकडे बघितलं, नाहीतर माझेच डोळे पाणावले असते.

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्याशी. मूल हे चित्र काढत असताना ‘हे काय आहे?’ असं विचारू नका. दिसत नसतंच तर विचारणार कसं, ही या खेळातली मोठी सोय आहे. रंग फिरल्यावरही ‘छान’ किंवा ‘चुकलं’ म्हणायच्या आधी ‘सांग मला’ एवढंच म्हणून बघा. जमीन खराब होईल म्हणून वर्तमानपत्रं जरा जास्त पसरा. आणि ब्रश मुलाच्याच हातात राहू द्या. कोऱ्या कागदातून आपली रेघ वर येताना जो आनंद होतो तो ज्याचा त्यालाच मिळायला हवा.

मी निघाले त्या दिवशी विमानतळावर भाचीनं मला एक गुंडाळी दिली. उघडली तर आत कोरा कागद.

‘‘घरी गेल्यावर रंग लाव. निळा लाव. आधी उजेडात धरून बघायचं नाही, शपथ!’’

शपथ पाळली. साताऱ्याला आल्यावर, आमच्याकडेही पाऊस सुरू झालेला, मी खिडकीशी बसले, निळा पातळ कालवला आणि ब्रश फिरवला. पाऊस आला. दोन छत्र्या आल्या. आगगाडीचा डबा आला, त्याच्या खिडकीत दोन चेहरे. आणि डब्याशेजारी एक मोठं झाड, ते तिनं जांभळ्या खडूनं आत कुठंच रंगवलेलं नव्हतं, पण खोडाजवळ इवल्या अक्षरांत पांढऱ्यानं लिहिलेलं होतं: ‘मावशी, इथं जांभळा लाव.’

झाडाची एक फांदी वाढत वाढत कागदाच्या कडेपर्यंत गेली होती आणि तिथं ती थांबली नव्हती. निशि-कासाईतल्या तिच्या टेबलावर मेणाची एक रेघ नक्की राहिलेली असणार. दिसत नसेल. बहिणीला मी अजून सांगितलेलं नाही.

जांभळा लावला, हे सांगायला नकोच. चला, आता ती पेटी उघडा. पांढरा खडू तुमची वाट बघतो आहे.